बूड नसलेल्या बरण्या

पेटी काचेची नव्हती. बायको म्हणाली बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, जावई नाक ओढत म्हणाला काचेत आहे, पलीकडच्या बाकावर बसलेल्या अनोळखी बाईनंसुद्धा आपणहून सांगितलं की आमचंही काचेतच होतं, आता बघा, धरून ठेवावं लागतं. पण दाराला वीतभर काच होती तिच्यातून मिस्त्रीनं जेमतेम दोन श्वासांपुरतं आत पाहिलं आणि त्याला कळलं की ते प्लास्टिक आहे. काचेची कड हिरवट दिसते, ही दिसत नव्हती. शिवाय कोपऱ्यावर पुसून पुसून बारीक ओरखडे पडले होते, तसे फक्त प्लास्टिकलाच पडतात. हा शोध लागल्याबरोबर त्याला इतका आनंद झाला की तो तसाच वळून मोठ्यानं म्हणाला, "अहो, प्लास्टिक आहे ते!" बाकावरच्या चारही माणसांनी माना वर केल्या. बायको म्हणाली, "असू दे. तुम्ही बसा बघू."

बसणार कसा? मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. उभी हयात त्याची उभ्या डब्यांबरोबर गेलेली. दोन मजल्यांच्या मध्ये डबा अडकायचा, आत माणसं अडकायची, आणि हा बाहेरून दाराच्या फटीला तोंड लावून सांगायचा की घाबरू नका, हवा येतेय, हवा संपत नसते, तुमचं नाव काय, जेवलात का. आतलं माणूस रडत असो, शिव्या देत असो, नाहीतर आतल्या आत नवराबायकोचं भांडण जुंपलेलं असो, शेवटी याच्या खिशातून किल्ली निघायची आणि दार उघडायचं. इतक्या वर्षांत एकही डबा असा भेटला नव्हता की ज्याची किल्ली त्याच्याकडे नव्हती. आणि आज दुपारी, दिवस भरायच्या सात आठवडे आधी, ऑपरेशन करून त्याच्या मुलीला मुलगी झाली होती, साखरेच्या मोठ्या पुड्यापेक्षा थोडी जड, आणि ती एका डब्यात होती, आणि मिस्त्री दाराबाहेर उभा होता. पेटीच्या बाजूला हात घालायला दोन गोल झरोके होते, ते त्यानं पाहून ठेवले होते. पण हात घालायचा तो फक्त आईबापांनी, असा तिथला नियम. आईला उद्यापर्यंत उठायचं नव्हतं. बापाला सर्दी. म्हणजे आजची रात्र तिला घरचा म्हणून एकही हात लागणार नव्हता.

आणि तरी, खरं सांगायचं तर, त्याचे पाय जमिनीवर नव्हते. भीती होतीच, पण तिच्याही वर काहीतरी उसळत होतं. आजोबा! सिस्टरनंच पहिल्यांदा तो शब्द वापरला. "आजोबा, बसा हो एका जागी. तुमच्या चकरा बघून माझंच डोकं गरगरायला लागलंय." मिस्त्रीला वाटलं आणखी कुणी म्हातारा मागे उभा आहे. मग लक्षात आलं. त्यानं सिस्टरला विचारलं की पेटीत गरम किती ठेवतात, ते आपोआप राहतं की कुणी बघावं लागतं, वीज गेली तर काय, आणि मागची सोय आहे तिची बॅटरी शेवटची कधी तपासली होती. बायकोनं कपाळाला हात लावला. लग्न झाल्यापासून ती एकच म्हण त्याच्यासाठी राखून होती, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि आता नवरेपण जुनं होऊन आजोबापण आलं तरी गुडघे तेच होते. तिनं पिशवीतून मुलीच्या घराची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "तिकडे जा. तिचे दोन सैल गाऊन, स्वेटर आणि मऊ टॉवेल एवढं भरा. तिथंच झोपा आणि सकाळी या. आणि हे बघा, घरात काही दुरुस्त करू नका."

मुलीचं घर तळमजल्यावर, मागे खाटेएवढं अंगण. मिस्त्री पोचला तेव्हा ऊन उतरत होतं आणि हवेला दात आले होते. स्वयंपाकघरात सकाळचा कप तसाच होता, तळाला कॉफी वाळलेली, काठाला तिच्या ओठांची खूण. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तो कप तिच्या हातात असणार. मिस्त्रीनं तो धुवायला घेतला आणि परत होता तिथंच ठेवला. ही मुलगी झाली तेव्हा तो कुठल्याशा तेरा मजली इमारतीच्या माथ्यावर यंत्राच्या खोलीत होता, हातभर वंगणात. निरोप पोचला तोवर संध्याकाळ झाली. गेला तर मुलगी स्वच्छ धुऊन पुसून तयार, रडून दमलेली, आणि सासूबाईंनी काही न विचारता ती त्याच्या हातात दिली. त्यानं नखं रॉकेलनं घासून घेतली होती, तरी कडेला काळं होतंच. त्या काळ्या कडांसकट तिनं त्याचं बोट धरलं होतं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नियम आहे. त्याला एकदम वाटलं की आपल्याला तेव्हा काहीतरी फुकट मिळालं होतं आणि आपण ते घरी घेऊन गेलो, विचारसुद्धा न करता. खिडकीबाहेर अंगण दिसत होतं. नळाखाली सावलीत बादली भरलेली, आणि बादलीच्या पाण्यावर कालच्या रात्रीचा बर्फाचा पापुद्रा अजून पुरता विरघळला नव्हता. बादलीच्या पलीकडे वाफा.

वाफ्याला दोरी आखलेली होती. दोरीला लागून आइसक्रीमच्या काड्या खोचलेल्या, आणि काड्यांवर मुलीच्या ठसठशीत अक्षरात नावं: टोमॅटो, काकडी, मिरची, झेंडू. आणि काड्यांच्या पायाशी हिरवं. नखाएवढं, दोन नखांएवढं, कुठं चार पानं, कुठं दोनच. मिस्त्रीला झाडांतलं एवढंच कळत होतं की हिरवं वर असतं आणि मूळ खाली. पण हे हिरवं किती लहान आहे ते त्याला कळलं. हिवाळाभर मुलगी फोनवर याच वाफ्याचं बोलत होती. पोट वाढत होतं, वाकता येत नव्हतं, तरी म्हणायची, बाबा, दोघं एकदमच वाढणार बघा, बाळ आत आणि बाग बाहेर. हॉस्पिटलच्या टीव्हीवर मघाशीच सांगत होते की आजची थंडी कालच्याहून वाईट, उघड्यावरच्या कोवळ्या रोपांना जपा. त्याचं काळीज लक्कन हललं. आणि लगेच, हललेल्या त्याच काळजातून, ती कल्पना वर आली. खालून जिना चढत यावी तशी नाही, लिफ्टनं यावी तशी आली. पेटी! प्लास्टिकची पेटी! आरपार दिसणारी, उजेड आत घेणारी, गारठा बाहेर ठेवणारी. एकेका रोपाला एकेक पेटी. त्यानं कोट काढून खुर्चीवर फेकला आणि हत्यारांच्या पिशवीतून पातं काढलं. पिशवी बरोबर होतीच. तो ती बारशाला आणि मयतालाही बरोबर नेत असे.

मग त्या टापटीप स्वयंपाकघरात जे झालं ते पाहून त्याच्या बायकोनं भिंतीचा आधार घेतला असता. कचऱ्याच्या टोपलीतून पाण्याच्या तीन बाटल्या निघाल्या, त्यांनी सुरुवात झाली. बुडाशी पातं टेकवायचं, बाटली हळूच फिरवायची, बूड टपकन सुटतं. बुडाशिवायची बाटली रोपावर उपडी नाही, सुलटी ठेवायची, म्हणजे झाकण वर येतं. त्यानं पहिली बाटली कापली, कडेवरून अंगठा फिरवला, तर कड धारदार. पानाला लागेल! त्यानं कानस काढली आणि कड घासून मऊ केली. दुसरीची केली. तिसरीचीही. बाटल्या संपल्या. वाफ्यात तर रोपं भरपूर. मग त्याची नजर फळीवर गेली. तिथं ओळीनं बरण्या होत्या, पारदर्शक, लाल झाकणांच्या, अशा की पेटीवाल्यांनी मागवून घ्याव्यात. तांदूळ कुकरमध्ये गेले. साखर किटलीत. मैदा जावयाच्या हेल्मेटमध्ये, आधी आत वर्तमानपत्र घालून, कारण मिस्त्री काही रानटी नव्हता. मीठ कढईत, कॉफी त्या मघाच्या कपात नाही, दुसऱ्या कपात. तेलाचा पाच लिटरचा कॅन पाव भरलेला होता, ते तेल पातेल्यात. शाम्पूची बाटली मोरीत उलटी करून ठेवली. धुण्याच्या द्रवाचा जाड हँडलवाला कॅन, त्याला हात लावताना मात्र तो क्षणभर थांबला, कारण तो निळा होता. निळ्यातून उजेड कसा येणार? मग एका काडीशी जरा थोराड दिसणारं रोप होतं, त्याला तो दिला. थोराडांना थोडं कमी चालतं.

त्याच्या आईनं हे पाहिलं असतं तर ती म्हणाली असती, डबा कापतात होय रे? आईच्या लेखी डबा हा न संपणारा पदार्थ होता. प्लास्टिकची पहिली बरणी घरात आली तेव्हा तिनं ती पुसून आरशाशेजारी मांडली होती. आतलं संपलं की डबा खऱ्या अर्थानं आपला होतो, असं ती म्हणायची. तिच्या डब्यात डबा आणि त्या डब्यात डबा, आणि शेवटच्या डब्यात कशाची तरी झाकणं. मिस्त्री लहानपणी त्यातला सगळ्यात मोठा डबा डोक्यावर घालून घरभर फिरायचा. आत आपलाच श्वास गरम होऊन परत तोंडावर यायचा आणि बाहेरून आईचा आवाज लांबून, घुमत यायचा, कुठं धडपडशील रे. त्याला ते आत्ता, कानस घासता घासता, इतकं स्पष्ट आठवलं की कानामागे ऊब वाटली. आत बसलेल्याला बाहेरचा आवाज लागतो. तिला लागत असेल का? सिस्टर आहेत, पण सिस्टर काय म्हणत असतील, त्यांना काय माहीत हिला काय म्हणायचं. त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं कड फुंकून भुसा उडवला आणि पुढची बरणी घेतली.

अंधार पडायच्या आत सगळं झालं पाहिजे म्हणून तो गुडघ्यांवर बसून वाफ्यातून पुढे सरकत गेला. एकेक रोप मधोमध घ्यायचं, बरणी मातीत बोटभर दाबायची, भोवती माती ओढायची, झाकण घट्ट. झाकणं उघडी ठेवावीत का, हा प्रश्न त्याला पडला. हवेचं त्याला कुणी शिकवायला नको. पण थंडी वरून पडते असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, आणि एवढ्या बरणीत एवढ्याशा जिवाला रात्रभर हवा पुरून उरेल, हा हिशेब त्याचा पक्का होता. सगळी झाकणं घट्ट लावली. मग उठला, गुडघ्यांतून कटकट आवाज आला, आणि त्यानं मागे सरून पाहिलं. सगळा वाफा पेट्यांनी भरला होता. मोठ्या, लहान, लाल झाकणांच्या, पांढऱ्या झाकणांच्या, एक निळी, एकीवर शाम्पूवाल्या बाईचा चेहरा, आणि प्रत्येकीत एकेक हिरवं उभं. तो कमरेवर हात ठेवून हसायलाच लागला. एकटाच, मोठ्यानं. आणि हसता हसता त्याच्या तोंडून निघालं, "ही जगली तर ती जगली."

निघालं आणि त्याला धसका बसला. असल्या गोष्टींची त्यानं जन्मभर टिंगल केली होती. दोर तुटत नाही तो पोलादानं तुटत नाही, कुणाच्या पुण्याईनं नाही, असं तो नव्या पोरांना बजावत असे. आता बोललेलं परत कसं घ्यायचं? त्यानं इकडेतिकडे पाहिलं. वरच्या खिडकीत कुणी नव्हतं. त्यानं हलक्या आवाजात दुरुस्ती केली, म्हणजे तसं काही नाही, ती जगणारच आहे, हे आपलं हे. पण पैज लागायची ती लागून गेली होती. आत जाऊन त्यानं कुकरातले मूठभर तांदूळ शिजवून खाल्ले, हॉस्पिटलात फोन करून बायकोची बोलणी खाल्ली, आणि सोफ्यावर आडवा झाला. आपण घातलेली पैज भलतीच मोठी आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरी त्याला झोप लागली.

सकाळी तो अनवाणीच बाहेर धावला. बादली दगड झाली होती. गवताच्या पात्यांवर, दोरीवर, काड्यांवर पांढरं पडलं होतं. बरण्यांवर बाहेरून पांढरी साय, आणि त्यानं बोटानं ती साय खरवडली तर आत थेंब, आणि थेंबांमागे हिरवं. उभं! त्यानं दुसरी खरवडली. उभं. शाम्पूवाल्या बाईच्या गालातून पाहिलं. उभं! निळ्या कॅनमध्ये काही दिसेना म्हणून झाकण उघडून डोळा लावला, तर तो थोराड आतून एक पान वर करून बसला होता. मिस्त्रीला आकाश ठेंगणं झालं. पायाचे तळवे गारठ्यानं जळत होते आणि तो त्या बरण्यांच्या मधून नाचत होता, साठीला आलेला माणूस, तोल सांभाळत. त्यानं त्या थोराडाचं झाकण पुन्हा घट्ट लावलं, बूट चढवले आणि निघाला. रस्त्यावर ऊन पसरायला लागलं होतं. बेकरीवाल्याला त्यानं सांगितलं की नात झाली. बसच्या ड्रायव्हरला सांगितलं की नात झाली. ड्रायव्हर म्हणाला, "बरं आहे ना सगळं?" आणि मिस्त्री म्हणाला, "उभी आहे!" ड्रायव्हरनं जरा वळून पाहिलं आणि गाडी सोडली.

गाऊन, स्वेटर आणि टॉवेल सोफ्यावर राहिले होते. बायकोनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. जावई बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, मफलर तोंडावर. मुलगीही झोपली होती, औषधानं. बाळाची रात्र कशी गेली याचं कुणी धड उत्तर देत नव्हतं. डॉक्टरबाई येतील, त्या सांगतील. मिस्त्री पुन्हा त्या वीतभर काचेपाशी जाऊन उभा राहिला. सकाळ चढत गेली. समोरच्या खिडकीतून ऊन सरळ आत आलं आणि पेटीवर पडलं, आणि तेवढ्यात आतून बारीक पिप्-पिप् सुरू झालं. मिस्त्रीनं काचेवर तळहात टेकला. सिस्टर शांतपणे आली, तिनं पडदा ओढला, कुठलीशी कळ दाबली, आवाज थांबला. बाहेर आल्यावर त्याचा चेहरा बघून म्हणाली, "काही नाही हो आजोबा. ऊन आलं ना, आतलं जरा तापलं. बंद पेटी उन्हात फार पटकन तापते."

तो "हो का" म्हणाला आणि मग त्याला ते नीट ऐकू आलं. बंद पेटी. उन्हात. हवेचा हिशेब त्यानं केला होता, उन्हाचा केलाच नव्हता. त्याच्या डब्यांना कधी ऊन लागलंच नव्हतं, ते इमारतींच्या पोटात असत. "आलो," एवढंच तो म्हणाला. बायको मागून "अहो! अहो, कुठं?" करत राहिली. लिफ्ट वर कुठंतरी थांबली होती, तिची वाट न बघता तो जिन्यानं उतरला, रस्त्याला लागला, बस दिसेना म्हणून धावत सुटला. ऊन खरंच चढलं होतं. रात्री एवढी थंडी आणि दिवसा असं ऊन, हा काय बनाव आहे, असं तो सूर्याला मनातल्या मनात म्हणत होता. बेकरीवाला ओरडला, "काय झालं आजोबा?" त्याला थांबून सांगायला मिस्त्रीच्या छातीत वारा उरला नव्हता.

बरण्या आतून धुरकट झाल्या होत्या. पहिलं झाकण उघडलं तर ओली, उकडलेली वाफ तोंडावर आली. आत रोप मातीवर पडलेलं. दुसरीत पडलेलं. शाम्पूवाल्या बाईच्या गालामागे काळपट हिरवा लगदा. तो झाकणं काढत गेला, ती हातातून निसटत होती, मग झाकणं सोडून बरण्याच उपटायला लागला, वाफाभर बरण्या लोळल्या. पडलेलं, पडलेलं. निळ्या कॅनखालचा थोराडही मान टाकून बसला होता. मिस्त्री मातीत बसला. अति तिथे माती, असं बायको म्हणाली असती, आणि तिचं काय चुकलं असतं? कड घासून मऊ केली! पानाला लागेल म्हणून! आणि मग झाकण लावून शिजवलं. त्याला आपल्या हातांचा राग आला. हे असंच असतं आपलं, जीव लावायचा तो इतका की श्वास कोंडावा. आणि ती पैज. पैज त्यानं घातली होती, कुणी घालायला लावली नव्हती. "तसं काही नाही," तो मोठ्यानं म्हणाला, "पोलाद असतं, पोलाद," पण आवाज त्यालाच खोटा वाटला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायको. तो नुसता पाहत राहिला. फोन थांबला आणि पुन्हा थरथरायला लागला. त्याला वाटलं, घेतला नाही तोवर काहीच झालेलं नाही. घेतला.

"अहो, आहात कुठं तुम्ही? पोरगी जागी झालीय, बाबा कुठं, बाबा कुठं करतेय."

"बाळ?"

"डॉक्टरबाई आत्ताच बघून गेल्या. बरी आहे. रात्री नाकातली नळी काढली होती म्हणे, आपलं आपण घेतेय श्वास. दोन आठवडे काही सांगता येत नाही म्हणतात, पण बरी आहे. आणि ते गाऊन आणा!"

त्यानं गाऊन आणले. या वेळी आठवणीनं. बसमध्ये त्यानं पिशवी मांडीवर धरली होती आणि त्याला हसू येत नव्हतं की रडू येत नव्हतं. बाळ बरं आहे हे त्यानं ऐकलं होतं, पण वाफ्यात काय पडलंय हे एकट्या त्याला ठाऊक होतं, आणि त्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना भिडत नव्हत्या. निघताना त्यानं फोननं वाफ्याचा फोटो काढला होता. मुलीला सांगायचं तर पुराव्यासकट सांगावं, निदान तेवढा तरी प्रामाणिकपणा.

मुलगी उशाला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले, डोळे मात्र मोठे. मिस्त्रीनं पिशवी ठेवली, खुर्ची ओढली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: थंडी, बरण्या, झाकणं, ऊन. पैजेचं सांगितलं नाही. "तुझी सगळी रोपं मारली मी," तो म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं फोटो बोटांनी मोठा केला. सरकवला. आणखी मोठा केला.

"बाबा, हे काय आहे?"

"काकडी. काडी आहे बघ शेजारी."

"काडी आहे. काकडी कुठाय?" तिचा आवाज विचित्र झाला होता. "बाबा, मी अजून काही लावलेलंच नाही. बी पाकिटातच आहे. नुसत्या काड्या खोचल्यात, जागा ठरवायला."

"मग हे?"

"हे तण आहे बाबा!"

आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग टाके दुखले म्हणून पोट धरून, "आई गं, आई गं" करत, तरी हसतच. "तणाला बरण्या! माझ्या लाल झाकणांच्या! बाबा, मैदा कशात ठेवलात?" त्यानं सांगितलं. हेल्मेटचं ऐकून जावयानं मफलर खाली केला. बायको धावत आली, टाके उसवतील गं, टाके, म्हणाली आणि काय झालं ते कळल्यावर तीच पलंगाच्या कडेवर बसून पदर तोंडाला लावून हलायला लागली. हसता हसता मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते नुसतं पाणीच राहिलं, हसणं थांबलं तरी. कालपासून ती रडली नव्हती. मिस्त्रीनं तिचा हात धरला.

"पण मेलंच ना ते," शेवटी तो म्हणाला.

"तण?" तिनं नाक पुसलं. "तण मरतं होय, बाबा? महिनाभर उपटतेय मी. वाकता येईना तेव्हा कढत पाणी ओतलं त्याच्यावर. वर पुठ्ठे टाकले, दगड ठेवले. पुठ्ठ्याला भोक पाडून आलं. तुम्ही एकदा उकडलंत तर त्याला काय, आंघोळ झाली. संध्याकाळी बघा, उभं असेल."

मिस्त्री खुर्चीवरून उठला. काहीतरी त्याच्या छातीत इतकं वर आलं की त्याला बसवेना. थंडीनं मेलं नाही. कढत पाण्यानं मेलं नाही. कुणी लावलं नाही, कुणी जपलं नाही, नको असताना आलं, वेळेच्या आधी आलं, आणि पुठ्ठ्याला भोक पाडून आलं! आणि पैज त्यानं याच्यावर लावली होती! काकडीवर लावली असती तर? झेंडूवर लावली असती तर? जगात इतकं नाजूक हिरवं पडलं असताना त्याच्या आंधळ्या हातांनी नेमकं हे निवडलं. तो दारापाशी गेला, परत आला, बायकोच्या खांद्यावर थोपटलं, जावयाला म्हणाला, "जावईबापू, तण!" आणि जावई गोंधळून "हो बाबा" म्हणाला. "तणासारखी वाढू दे," तो म्हणाला, कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "नाजूक-बिजूक काही नको. चांगली तणासारखी." बायकोनं डोळे वटारले, असं बोलतात का बाळाला म्हणून. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, आणि पैजेचं त्यानं सांगितलं नव्हतं तरी तिला कळलं असावं.

संध्याकाळी अंगणात शिरताना त्यानं आधी डोळे मिटून घेतले, मग उघडले. सगळं उभं नव्हतं. शाम्पूवाल्या बाईचं गेलंच होतं, आणखीही काही गेलं होतं. पण दोरीच्या कडेनं बाकीचं मान वर काढून उभं होतं, आणि तो थोराड तर सकाळपेक्षा वीतभर मोठा दिसत होता, तेवढा तो नसणार, पण मिस्त्रीला दिसत होता. लोळलेल्या बरण्या त्यानं गोळा केल्या, पुसल्या, पुन्हा एकेकावर ठेवल्या. झाकणं मात्र खिशात टाकली, थंडी अगदीच पडली तर बघू म्हणून. मग बादली भरली. फोन वाजला तो कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला. मुलगी होती, तिला आज चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं आणि तिनं हात आत घातला होता. "बोट धरलं माझं, बाबा. घट्ट. सुटेना." मिस्त्री म्हणाला, "हं." मग ती म्हणाली, "आणि ते तण काढून टाका हं आत्ताच, नाहीतर पसरेल सगळीकडे. उपटताय ना?"

"उपटतोय, उपटतोय," असं म्हणत त्यानं बादली हळूहळू वाफ्यात ओतली आणि दुसरी भरायला नळ सोडला.